झोका की फेरा

पाथरीला बाहेरून येणारा माणूस आज येतो तो साईबाबांच्या नावानं. ज्ञानराजाचं नाव घेऊन कुणी एसटीतून उतरल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पाचशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या पार्थपुरात, म्हणजे अभ्यासकांच्या मते याच पाथरीत, ज्योतिषगणिताचं एक नामांकित घराणं नांदत होतं. ज्ञानराज दैवज्ञानं शके १४२५ च्या, म्हणजे इ.स. १५०३ च्या सुमाराला ‘सिद्धांतसुंदर’ रचला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी झालेला हा मोठा सिद्धांतग्रंथ. त्याचा एक मुलगा चिंतामणी. त्यानं बापाच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा सूर्यदास, त्यानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि लीलावतीवर लिहिली. याच सूर्यदासानं एक अजब काव्यही केलं आहे. सरळ वाचलं तर रामाची कथा, आणि शेवटाकडून अक्षरं उलटी वाचत आलं तर कृष्णाची! ज्ञानराजाचा शिष्य धुंडिराज, त्याचं ‘जातकाभरण’ पत्रिका बघणाऱ्यांकडे अजून सापडतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या कुळाची दखल घेतली. आपल्या परभणी जिल्ह्यानं ती अजून घ्यायची आहे.

पुढच्या संवादातले दोघे पाथरीचेच, पण मी उभे केलेले. गुरुजी सत्तरीचे, पंचांगाचं गणित अजूनही पाटीवर करून बघणारे. बाई एका शाळेत विज्ञान शिकवतात. गुरुजींना गणित आभाळाशी जुळलं की पुरतं. बाईंना कारण लागतं. हे भांडण तसं जुनंच आहे. निमित्त तेवढं नवं, चंद्राच्या डोलण्याचं.

गुरुजी : बाई, पोरांना काय शिकवायलात तुम्ही? नातू घरी येऊन म्हणायलाय, ‘आजोबा, चंद्र डोलतो.’ चंद्र चालतो, वाढतो, घटतो, हे ठीक. डोलतो कुठं? ससा होता तिथंच आहे की माझ्या लहानपणापासून.

बाई : ससा तिथंच असतो, पण अगदी तिथंच नसतो. दुर्बिणीतून दर रात्री चित्र काढत गेलं तर तो जरा या कडेकडं सरकतो, जरा त्या कडेकडं. वर-खालीही. चंद्राचा अर्धा गोलच आपल्याला दिसायला पाहिजे ना? पण या डोलण्यानं मिळून शेकडा ५९ भाग दिसतो. एका वेळी नाही, महिन्यामहिन्यांनी कडा डोकावत डोकावत. गॅलिलिओला ते १६३७ च्या सुमाराला दिसलं.

गुरुजी : आणि याचं गणित?

बाई : ते तुमच्या पाटीवर आहे. चंद्राचं मंदफल काढता ना तुम्ही?

गुरुजी : काढतो की. आधी मध्यम चंद्र काढायचा. तो सरासरी गतीचा, रोज १३ अंश १० कला ३५ विकला. खरा चंद्र तसा चालत नाही. पृथ्वीच्या जवळ आला की दिवसाला १५ अंशांवर जातो, उच्चाला गेला की १२ च्या आत येतो. मध्यम आणि स्पष्ट यांतला फरक ते मंदफल. ते मिळवलं किंवा वजा केलं की स्पष्ट चंद्र.

बाई : आता नीट ऐका. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो तुमच्या स्पष्ट गतीनं, कधी जलद, कधी मंद. पण स्वतःभोवती फिरतो तो मध्यम गतीनं, एकसारखा. दोन्हींचा फेरा २७ दिवस आणि आठ तासांच्या आसपास पुरा होतो, म्हणून तोंड एकंदरीत आपल्याकडं राहतं. मधल्या दिवसांत मात्र दोघांचा मेळ बसत नाही. चंद्र कक्षेत पुढं निघून गेलेला असतो, आणि त्याचं तोंड तेवढं वळलेलं नसतं. किती अंशांनी चुकतं? तुम्ही मंदफल म्हणून जो आकडा लिहिता, तेवढ्याच अंशांनी.

गुरुजी : म्हणजे मध्यम चंद्र ही नुसती हिशेबाची सोय नाही म्हणता? चंद्राचं तोंड तिकडं बघतं?

बाई : त्याच हिशेबानं वळतं.

(इथं गुरुजी जरा वेळ गप्प बसतात. मीही हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बसलो होतो. ज्याला आपण कल्पित चंद्र म्हणत आलो, त्याचा हिशेब खऱ्या चंद्राच्या अंगावर लिहिलेला असावा, हे सहज पचत नाही.)

गुरुजी : छान. पण म्हणून मी असं म्हणणार नाही की आमच्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं. ते म्हणणारे वेगळे. आकडा ठाऊक होता, तोंड वळतं हे ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं इतकंच, की आकडा बरोबर होता आणि तो काढायला कारण लागलं नाही. जुन्या ग्रंथांत चंद्राचं परम मंदफल पाच अंश, वर दोन कला. त्यावर शेकडो वर्षं ग्रहणं वर्तवली.

बाई : आजच्या मापानं ते सहा अंश सतरा कला आहे.

गुरुजी : मग ग्रहणं चुकायला पाहिजे होती.

बाई : तीच तर गंमत. सूर्यसुद्धा चंद्राला ओढतो, त्यामुळं या मंदफलात आणखी एक फरक पडतो, सव्वा अंशाचा. पौर्णिमा-अमावास्येला तो सव्वा अंश वजा होतो आणि पाच अंश दोन कला उरतात. अष्टमीला तो मिळतो, साडेसात होतात. ग्रहणं पौर्णिमेला आणि अमावास्येलाच होतात ना? जुन्या लोकांनी चंद्राची परीक्षा ग्रहणावर घेतली, तो तिथं पास झाला. अष्टमीला कुणी विचारलंच नाही.

गुरुजी : विचारलं. मुंजालानं विचारलं. ‘लघुमानस’, शके ८५४, म्हणजे इ.स. ९३२. चंद्राला दुसरा संस्कार त्यानं सांगितला आहे. पुढं श्रीपतीनंही. आणि आमच्या काळाजवळचं बोलायचं तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ लिहून पंचांगाचा चंद्र पुन्हा आभाळातल्या चंद्राशी जुळवला. न्यूटन न वाचता मुंजालाला कळलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

बाई : ठेवते. मुंजालाकडं आपण पुन्हा येऊ, तो तुमच्यापेक्षा माझ्या उपयोगाचा आहे.

गुरुजी : बघू. पण मला आधी हे सांगा, दोन्ही फेरे इतके तंतोतंत सारखे कसे? स्वतःभोवतीचा आणि पृथ्वीभोवतीचा. योगायोग म्हणावा तर आजवर एवढासाही फरक साठलेला नाही.

बाई : हाच प्रश्न पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं बक्षिसासाठी ठेवला होता. १७६४ साली ते लाग्रांजनं जिंकलं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. त्याचं उत्तर असं, की चंद्र पुरता गोल नाही. पृथ्वीकडच्या दिशेत तो जरासा लांबट आहे. ती लांबट बाजू पृथ्वी आपल्याकडं ओढून धरते. तोंड जरा इकडं वळलं की माघारी खेचलं जातं, ओलांडून तिकडं गेलं की तिकडून माघारी. आपल्याकडं पंचमीला लिंबाच्या फांदीला झोका बांधतात, तसं. झोका मधोमध थांबत नाही, पण मधोमध सोडूनही जात नाही. दोन फेऱ्यांतला फरक साठत का नाही, त्याचं उत्तर हे.

गुरुजी : म्हणजे डोलणी दोन झाली. एक मंदफलाची, ती नुसती दिसण्यातली. दुसरी ही, खरोखरची.

बाई : बरोबर. दिसण्यातली मोठी, जास्तीत जास्त आठ अंशांपर्यंत. खरोखरची इतकी बारीक, की डोळ्यांनी कधी कळायची नाही. अपोलो-११ च्या लोकांनी १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. त्या मापातून ती बारीक डोलणी हाताला लागली. तसलाच एक छोटा परावर्तक आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमवरही आहे.

गुरुजी : झोका म्हणालात, म्हणून विचारतो. झोका फार जोरात घेतला तर?

बाई : तर तो फांदीवरून पलीकडं जाईल, आणि मग तो झोका राहत नाही, फेरा होतो. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं न करता एकाच दिशेनं गरगर. खरं सांगू? आभाळात सगळा वाद याचाच आहे. समोर दिसतंय ते झोका आहे की फेरा? आणि ओळखायचं कसं, जर आपल्याला त्याचा छोटासाच तुकडा दिसत असेल?

गुरुजी : तुम्ही अयनचलनाकडं यायलात.

बाई : मुंजालाकडं यायलेय.

(वाचकांसाठी थोडं. वसंत संपात, म्हणजे दिवस-रात्र समान होताना सूर्य ज्या ठिकाणी असतो ती जागा, ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी पन्नास विकलांहून किंचित जास्त मागं सरकते. हेच अयनचलन, आणि साठलेल्या सरकण्याचे अंश म्हणजे अयनांश. मकरसंक्रांत १४ जानेवारीवरून १५ कडं निघाली आहे ती यामुळंच. भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीनं २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरले. आज ते २४ च्या पुढं गेले आहेत.)

गुरुजी : सूर्यसिद्धांताचं मत असं, की संपात एका बाजूला २७ अंश जातो, परत येतो, दुसऱ्या बाजूला २७ अंश जातो, पुन्हा परत. एका महायुगात अशी सहाशे आंदोलनं. वर्षाला ५४ विकला. हा झोका.

बाई : आणि मुंजाल?

गुरुजी : (हसून) मुंजालाचा फेरा. कल्पात १,९९,६६९ पूर्ण चक्रं, असं भास्कराचार्यांनी गोलाध्यायात त्याच्या नावानं दिलंय. तो परत येत नाही, फिरतच राहतो.

बाई : आता मला सांगा, गणित जुळलं की पुरे म्हणणाऱ्यानं या दोघांत निवड कशी करायची? दोघंही आज संपात मागं सरकतो असंच सांगतात. गतीही जवळपास सारखी. सूर्यसिद्धांताचा झोका इ.स. ४९९ ला मधोमध होता. २७ अंशाला पोचायला १८०० वर्षं. म्हणजे २२९९ साली तो वळेल किंवा वळणार नाही.

गुरुजी : मग थांबा २२९९ पर्यंत!

बाई : थांबायची गरज नाही, कारण कारण कळलंय. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. त्या फुगवट्याला चंद्र-सूर्य ओढतात, आणि पृथ्वी स्वतः गरगर फिरत असल्यामुळं तिचा अक्ष त्या ओढीनं सरळ होत नाही, सावकाश वर्तुळ काढतो. २५,८०० वर्षांत एक. न्यूटननं १६८७ मध्ये हे सांगितलं. यात मागं वळायला काही जागाच नाही. गंमत बघा, फुगवटा चंद्राचा, तर झोका. फुगवटा पृथ्वीचा, तर फेरा. ओढ तीच. हे आकड्यांच्या रांगेतून कळलं असतं?

गुरुजी : मुंजालाला कळलं.

बाई : मुंजालानं ते म्हटलं. सूर्यसिद्धांतानं दुसरं म्हटलं. आणि मधली कित्येक शतकं आपले विद्वान दोन्ही मतं लिहीत राहिले, कारण निकाल लावायला हातात काही नव्हतं.

(या फेरीत बाई जिंकल्या असं माझं मत आहे. गुरुजींनीही ते ओळखलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. पण बदलून जिथं नेला तिथं ते जास्त भक्कम होते.)

गुरुजी : बरं, ते इस्रोचं सूर्य बघणारं यान, आदित्य-एल१. पेपरात आलं होतं की सूर्याची ओढ आणि पृथ्वीची ओढ जिथं सारखी होते, तिथं ते जाऊन बसलंय. बसलंय म्हणजे स्थिर. मग तिथं डोलणं कसलं?

बाई : पेपरातलं दोन्ही चुकलं. ओढ सारखी होते ती जागा पृथ्वीपासून २ लाख ६० हजार किलोमीटरवर आहे, चंद्राच्याही अलीकडं. चंद्राला पृथ्वीपेक्षा सूर्यच दुपटीनं जास्त ओढतो, हे ठाऊक आहे ना? आणि आदित्यची जागा, एल-वन, आहे १५ लाख किलोमीटरवर. तिथं सूर्याची ओढ पृथ्वीच्या तीस-पस्तीस पट आहे.

गुरुजी : मग तोल कसला?

बाई : वर्षाचा. सूर्याच्या जवळ असलेली वस्तू लवकर फेरा पुरा करते, हो की नाही? बुध ८८ दिवसांत, शुक्र २२५. पृथ्वीपेक्षा १५ लाख किलोमीटर आत असलेल्या वस्तूचं वर्ष ३६० दिवसांच्या आसपास भरलं असतं. दरवर्षी पाच दिवसांनी ती पृथ्वीच्या पुढं गेली असती. पण तिथं पृथ्वी मागून थोडी ओढते, सूर्याची पकड तेवढी सैल पडते, आणि फेरा बरोबर आपल्या वर्षाइतका होतो. अशा पाच जागा आहेत. तीन सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरच्या. त्या ऑयलरला सापडल्या. राहिलेल्या दोन लाग्रांजनं १७७२ मध्ये दाखवल्या, पृथ्वीच्या साठ अंश पुढं आणि साठ अंश मागं.

गुरुजी : तोच लाग्रांज? चंद्राच्या तोंडाचा?

बाई : तोच. तेव्हाही पॅरिसचंच बक्षीस.

गुरुजी : आणि आदित्य तिथं बसलं.

बाई : बसलं नाही, फिरायलंय. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं, ६ जानेवारी २०२४ ला एल-वनच्या भोवतीच्या प्रभामंडल कक्षेत शिरलं, २ जुलैला पहिला फेरा पुरा केला. १७८ दिवस. त्या बिंदूपासून ते कित्येक लाख किलोमीटर लांबून जातं. ठीक बिंदूवर ठेवलं असतं तर इथून बघताना ते कायम सूर्याच्या बिंबावर आलं असतं आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात त्याचा संदेश बुडाला असता. पुण्याच्या आयुकात घडवलेली ‘सूट’ दुर्बीण त्याच यानावर आहे, अतिनील किरणांत सूर्याचं पूर्ण बिंब टिपणारी.

गुरुजी : थांबा. भोवती फिरायलंय म्हणता. मधे काय आहे?

बाई : काही नाही.

गुरुजी : काही नाही! ना दगड, ना धूळ. रिकाम्या जागेला प्रदक्षिणा! बाई, हा प्रश्न आमच्या पाथरीत पाचशे वर्षांपूर्वी झालाय, माहीत आहे? भास्कराचार्य म्हणाले, पृथ्वीला शेषाचा आधार म्हणाल तर शेषाला कशाचा? त्याला आणखी कशाचा? कुठंतरी थांबून म्हणावंच लागतं की हा आपल्याच शक्तीनं राहतो. मग पृथ्वीच राहते म्हणा. ज्ञानराजाला ते पटलं नाही. पृथ्वी गोल आहे हे त्यानं घेतलं, पण पुराणातला आधारही चर्चेत परत आणला. लोक त्याला हसतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. वजनदार गोष्ट आधाराशिवाय राहते म्हटल्यावर कुणीतरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

बाई : प्रश्न चांगला होता, उत्तर चुकलं. आधार लागतो, हेच गृहीत चुकीचं. आदित्य पडायलंच आहे, सूर्याकडं, सतत. पृथ्वीही पडायलीय, चंद्रही. पडता पडता बाजूलाही जातात म्हणून आदळत नाहीत.

गुरुजी : आणि ते यान आपल्या बळावर तिथं टिकतं?

बाई : (जरा थांबून) नाही. एल-वन अस्थिर आहे. यान रेषेत किंचित चुकलं तर ती चूक तीन-साडेतीन आठवड्यांत पावणेतीनपट होते, पुढच्या तितक्याच दिवसांत पुन्हा पावणेतीनपट. म्हणून मधून मधून इंजिन चालवून दुरुस्ती करावी लागते. पहिल्या फेऱ्यात २२ फेब्रुवारी, ७ जून आणि २ जुलै अशी तीनदा केली.

गुरुजी : आता बघा मी काय म्हणतो. आमच्या ग्रंथांचे मध्यम ग्रह शंभर-दोनशे वर्षांत आभाळापासून ढळायचे. मग वेध घ्यायचे, आणि बीजसंस्कार द्यायचा. गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ केला तेव्हा एकाच सिद्धांताला तो चिकटला नाही. ज्या ग्रहाचं ज्या पक्षानं आभाळाशी जमतं तो पक्ष त्यानं घेतला, आणि वर आपली दुरुस्ती केली. तुम्ही लोक त्याला जुगाड म्हणता. मग इस्रोचं ते काय आहे? तो बीजसंस्कारच की!

बाई : फरक आहे.

गुरुजी : आहे, पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. दुसरं सांगा. सूर्य, पृथ्वी, चंद्र, तिघांची एकमेकांना ओढ. कारण पुरतं ठाऊक. मग चंद्र हजार वर्षांनी कुठं असेल याचं एक सुटसुटीत सूत्र द्या बरं.

बाई : नाही देता येत. दोघांचं देता येतं. तिघं आले की असं सर्वसाधारण सूत्र नाही. संगणकावर पाऊल पाऊल मोजत जावं लागतं.

गुरुजी : म्हणजे पाटी मोठी झाली, एवढंच.

(हा टोला वर्मी बसणारा आहे आणि तो खरा आहे. नियम ठाऊक असणं आणि उत्तर हातात असणं यांत मोठं अंतर असतं, हे शाळेत कुणी सांगत नाही. मात्र गुरुजी एक गोष्ट विसरले, आणि बाई ती विसरल्या नाहीत.)

बाई : गुरुजी, पाटी मोठी झाली हे मान्य. पण पाटीवर तेच येतं जे आधी आभाळात दिसलंय. न दिसलेलं कधी आलंय? लाग्रांजनं त्या साठ अंशांच्या दोन जागा काढल्या तेव्हा तिथं काही आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःला तो गणितातला खेळच वाटला होता. १३४ वर्षांनी, १९०६ मध्ये, हायडेलबर्गला माक्स वोल्फला एक लघुग्रह सापडला, अकिलीस. गुरूच्याच कक्षेत, गुरूच्या साठ अंश पुढं. आज तसले दहा हजारांवर माहीत आहेत. सूर्यमालेत अख्खा जमाव तिथं राहत होता, आणि पत्ता आधी कागदावर लिहिलेला होता.

गुरुजी : हायडेलबर्ग म्हणजे जर्मनी?

बाई : जर्मनी.

गुरुजी : जगात जर्मनी, भारतात परभणी! त्यांनी दगड शोधला, आम्ही मंदफल काढलं.

(परभणीकराला ही संधी सोडवत नाही. मीही सोडली नसती.)

गुरुजी : पण ते दगड तिथं ठीक बिंदूवर बसलेत का?

बाई : नाही, तेही झोके घेतात. बिंदूच्या पुढं-मागं, एकेक झोका साधारण दीडशे वर्षांचा. पण तिथं इस्रोची गरज नाही. त्या दोन जागा स्वतःच सांभाळून घेतात. अट एकच, मोठा पिंड दुसऱ्याच्या पंचवीसपट तरी जड हवा. सूर्य गुरूच्या हजारपट आहे, म्हणजे काम भागलं. शनीच्या टेथिस चंद्राच्या पुढं एक छोटा चंद्र आणि मागं एक छोटा चंद्र अशाच ठिकाणी आहेत, टेलेस्टो आणि कॅलिप्सो. आणि शनीकडंच तुमच्या झोका-फेऱ्याच्या मधलं एक प्रकरण आहे, ते ऐका. जेनस आणि एपिमिथियस. दोन चंद्र, दोघांच्या कक्षांत अंतर पन्नास किलोमीटर फक्त. आणि ते स्वतः शंभराच्या वर रुंद आहेत.

गुरुजी : मग आदळतील!

बाई : आतला जरा जलद, तो चार वर्षांनी मागून बाहेरच्याला गाठायला येतो. जवळ आला की दोघं एकमेकांना ओढतात. आतल्याला पुढं ओढ बसली की त्याची कक्षा मोठी होते, तो बाहेर जातो आणि मंद पडतो. बाहेरच्याला मागं ओढ बसते, तो आत येतो आणि जलद होतो. जागांची अदलाबदल. ओलांडून कुणीच जात नाही. पुढं चार वर्षांनी पुन्हा उलट. १९६६ मध्ये पहिल्यांदा दिसले तेव्हा एकच चंद्र समजून त्याची कक्षा काढायला गेले, आणि ती काही जुळेना. दोन आहेत हे १९८० मध्ये व्हॉयेजर-१ नं पक्कं केलं.

गुरुजी : म्हणजे नुसते वेध घेऊन, गणित जुळवत बसलं की असं होतं, असं सुचवायचंय तुम्हाला.

बाई : तुम्हीच म्हणालात.

गुरुजी : हो, पण उलटही बघा. कक्षा जुळेना म्हणूनच दुसरा चंद्र आहे असा संशय आला. जुळवण्याचा हट्ट धरणारं कुणी होतं म्हणून. कारण ठाऊक आहे म्हणणारा माणूस कित्येकदा जुळवून बघतच नाही. माझं तुम्हाला एवढंच सांगणं, पोरांना चंद्र डोलतो हे सांगण्याआधी त्यांना तो डोलताना बघायला लावा. नातवानं मला वाक्य सांगितलं. चंद्र नाही दाखवला.

बाईंनी यावर उत्तर दिलं नाही, आणि ते त्यांच्याकडं नसावं. माझा कौल एकंदरीत बाईंच्या बाजूनं आहे. झोका की फेरा, हा निवाडा नुसत्या आकड्यांच्या रांगेतून होत नाही. त्यासाठी ओढणारं कोण आणि धरून ठेवणारं काय, हे कळावं लागतं, आणि सूर्यसिद्धांताचा झोका त्यामुळंच निकालात निघाला. पण शेवटची तक्रार गुरुजींचीच रास्त आहे. चंद्राचं डोलणं आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडलंच तर एका ओळीत उरकतं, आणि बघण्याचा प्रयोग म्हणून कुणी तो देत नाही.

तो द्यायला काही लागत नाही. साधी द्विनेत्री किंवा झूम असलेला मोबाईल पुरतो. पौर्णिमेचा चंद्र उगवताना त्याच्या वरच्या कडेजवळ एक सुटा, लंबगोल काळा डाग दिसतो. त्याचं नाव मेअर क्रिझियम. तो डाग आणि चंद्राची कड यांच्यातली पांढरी पट्टी दर पौर्णिमेला सारखी रुंद नसते, दुपटीपर्यंत फरक पडतो. दर पौर्णिमेला चंद्र उगवल्यावर तासाभरात एक फोटो घ्यावा, आणि शेजारी त्या दिवशीची चंद्राची गती पंचांगातून लिहून ठेवावी. एका टोकाच्या डोलण्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साधारण सात पौर्णिमा लागतात. आषाढ-श्रावणात ढगांनी खंड पडेल, म्हणून शाळांनी सुरुवात कोजागरीपासून करावी. ज्येष्ठापर्यंत नऊ पौर्णिमा मिळतात.